वासूनानांची कात्री

बाकीचे लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, आमचे वासूनाना कात्री लावतात. लहानशी, बोथट टोकाची, शाळेतली पोरं चित्रं कापायला नेतात तसली. तिची दोन लाल कडी खिशातून बाहेर डोकावत असतात. नवा माणूस आधी कात्रीकडे बघतो, मग नानांच्या तोंडाकडे. "दुकान कुठे आहे तुमचं?" असं अदबीनं विचारणारे आणि वर "गुरुवारी बंद असतं का?" असं विचारणारे दोघेजण मी स्वतः पाहिले आहेत.

नाना न्हावी नाहीत आणि शिंपीही नाहीत. जन्मभर त्यांनी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाना म्हणतात, "नोकरी सुटली, विषय नही सुटला." मूळचे ते जळगावशेजारच्या असोद्याचे. जळगावात माझ्या छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर "राहून गेलं," एवढंच सांगून चहाचं आधण ठेवायला उठतात.

माझा छापखाना लग्नपत्रिकांचा. कटिंग मशीनखाली कागदाच्या लांब पट्ट्या पडतात, आणि त्या गोळा करायला नाना रोज सकाळी दहाला हजर असतात. पट्ट्यांवर नाना जीन लिहितात. एका पट्टीवर सहा-सात चौकटी आखायच्या, मग त्यातल्या काही कापून फेकायच्या आणि उरलेल्या डिंकानं जोडायच्या. हा त्यांचा खेळ. माझ्या टेबलाला नानांच्या डिंकानं असा काही थर चढला आहे की त्यावर ठेवलेला कपही सहज उचलता येत नाही.

या सगळ्याला इंग्रजीत अल्टरनेटिव्ह स्प्लाइसिंग म्हणतात. हे मला आता झोपेतही सांगता येतं, कारण गेली पंधरा वर्षं मी त्या विषयाचा एकमेव विद्यार्थी आहे. शिकवायला लागले की नानांची असोद्याची बोली गळून पडते आणि वर्गातली भाषा सुरू होते.

"हे बघ सुभाष. आपल्या प्रत्येक पेशीत तीच पोथी आहे. डोळ्यात तीच, टाचेत तीच. आता काही धडे डोळा उघडतो, काही टाच उघडते. इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे. एकच धडा दोघांनी उघडला, तरी दोघं तो वेगळा वाचतात!"

"म्हणजे कसं?" असं विचारावंच लागतं. नाही विचारलं तर नाना स्वतःच "म्हणजे कसं?" म्हणतात आणि माझ्याकडे रागानं बघतात.

"आधी धड्याची नक्कल निघते. त्या नकलेत कामाचे तुकडे असतात, त्यांना म्हणायचं एक्झॉन. मधे मधे नुसतं पाल्हाळ असतं, तो इंट्रॉन. पाल्हाळ कापायचं, कामाचं जोडायचं. पण कामाचे सगळेच तुकडे सगळीकडे घेत नाहीत. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत अमुक तुकडे जोडले की रक्तातलं कॅल्शियम आवरणारं द्रव्य तयार होतं. तोच धडा मज्जापेशीनं उघडला, तिनं दुसरे तुकडे ठेवले, तर रक्तवाहिन्या रुंद करणारं वेगळंच प्रथिन हातात येतं! धडा एक, कापणं निराळं, माल निराळा. आणि सुभाष, मुख्य गोष्ट—" इथे नाना कात्री माझ्या नाकापुढे धरतात. "कापतात ती नक्कल. मूळ प्रत शाबूत असते. पोथीतून कुणीही काही काढत नाही."

"मूळ प्रत शाबूत हाये" हे नानांचं आवडतं वाक्य. गुडघा दुखतो का विचारलं तरी तेच उत्तर येतं. दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "इंट्रॉन हाये, काप!" बोलणारा पाल्हाळ लावू लागला की नाना हे म्हणतातच. आमच्या कॉलनीत एका गृहस्थांच्या शोकसभेत वक्ते मयताचं सोडून स्वतःच्याच सत्काराची हकिगत सांगू लागले. तिसऱ्या रांगेतून नाना खणखणीत आवाजात "इंट्रॉन!" असं ओरडले. वक्त्यांना ती काहीतरी घोषणा वाटली. त्यांनी हात जोडले आणि आणखी दहा मिनिटं बोलले.

माझ्या बायकोची हकिगतही अशीच. भुसावळला काय झालं ते सांगायचं असेल तर ती निघण्याआधी कढीपत्ता आणायला गेली होती तिथून सुरू करते. एकदा नाना तिला म्हणाले, "वहिनी, तुमची मूळ प्रत लई लांब हाये." पुढचे आठ दिवस नानांना आमच्याकडे बिनसाखरेचा चहा मिळाला. नवव्या दिवशी नानांनी कढीपत्त्यापासून सगळी हकिगत पुन्हा ऐकून घेतली, तेव्हा साखर पडली.

आता नानांचा एक विसराळूपणा सांगतो. निदान मी त्याला विसराळूपणाच समजत होतो. नानांच्या असोद्याच्या घरात कुठलंही कार्य निघालं की पत्रिकेचा मजकूर नाना लिहून आणत. त्यात आत्यांच्या यादीत सगळ्यात वर 'सौ. सिंधू, धुळे' असं नाव असे. मी मजकूर जुळवायचा आणि एक प्रूफ काढून द्यायचं. नाना चष्मा चढवून ओळीवर बोट फिरवत यायचे, त्या नावाशी थांबायचे आणि म्हणायचे, "ही ओळ काढ."

"इंट्रॉन का नाना?" मी विचारायचो.

"काढ," एवढंच म्हणायचे. मग ते प्रूफ नीट घडी करून खिशात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं धुळ्याला जायचे, म्हणे जुन्या विद्यार्थ्याला भेटायला. दर लग्नाला हे असंच. नाव स्वतःच लिहायचं आणि स्वतःच काढायला लावायचं. मी बायकोला म्हणालो, नाना म्हातारे झाले.

यंदा नानांच्या पुतणीचं, माधुरीचं लग्न निघालं. माधुरी ही नानांच्या थोरल्या भावाची, आबांची मुलगी. आबा असोद्याला केळी आणि कपाशी बघतात. बोलणं कमी, दरारा जास्त. नवरदेव दोंडाईचाचा आणि मुलीचा मामा फैजपूरचा. आबांनी नावांची जी यादी पाठवली ती चार पानं होती. भाऊबंद, मामाकडचे, व्याह्यांकडचे, शिवाय 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी पिंट्या, सोनी, गोलू अशी पोरं. सगळं छापलं असतं तर पत्रिकेला अनुक्रमणिका जोडावी लागली असती.

यादी बघून नानांचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्या संधीची वाट बघितली ती चालून आली होती.

"सुभाष, मूळ मजकूर एकच ठेवायचा. गावाप्रमानं तुकडे जोडायचे! असोद्याले भाऊबंदांची नावं दे. फैजपूरले मामाची बठ्ठी फौज दे, आन् असोद्याले कसं यायचं त्याचा नकाशा. दोंडाईचाले व्याह्यांचा मानपान. जळगावच्या लोकांले नावं काहाले पाहिजेत? त्यांले जेवनाची वेळ सांग, गाडी कुठी लावायची ते सांग. झालं!"

खरं सांगतो, मलाही कल्पना पटली. आबांना पटवायला नाना शेतावर गेले. भरताची वांगी भाजली जात होती, तिथेच बसून नानांनी थायरॉइडपासून सुरुवात केली. आबा मान हलवत होते. मान हलवणाऱ्या विद्यार्थ्याला समजलेलं असतं, ही नानांची समजूत एवढ्या वर्षांच्या शिकवण्यातही गेलेली नाही.

चार प्रकारच्या पत्रिका छापल्या आणि चार गठ्ठे बांधले. गठ्ठ्यांवर गावांची नावं घालावीत हे माझ्या बुद्धीला सुचलं होतं. पण नाना म्हणाले, मी घालतो, आणि त्यांनी घातलं. असोद्याच्या गठ्ठ्यावर लिहिलं 'हृदय'. फैजपूरच्या गठ्ठ्यावर 'यकृत'. दोंडाईचाच्या गठ्ठ्यावर 'मेंदू', कारण व्याह्यांशी विचार करून बोलावं लागतं. जळगावच्या गठ्ठ्यावर 'त्वचा'. पाचवं एक लहान पाकीट होतं, त्यावर काहीच लिहिलं नव्हतं. त्यात एकच पत्रिका होती.

दुसऱ्या दिवशी नानांना ताप आला आणि आबा स्वतः जीप घेऊन गठ्ठे न्यायला आले. चारही गठ्ठे समोर ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मला विचारायला त्यांना कमीपणा वाटला असावा. मीही काही बोललो नाही, हा माझा गुन्हा. मला वाटलं, शेतावर सगळं ठरलंय.

आबांनी आपल्या परीनं हिशेब केला. हृदय म्हणजे जवळची माणसं, म्हणजे बायकोचं माहेर. हा गठ्ठा फैजपूरला. मेंदू म्हणजे शिकलेले लोक, तो जळगावच्या साहेब मंडळींना. यकृत पोटात असतं, म्हणजे घरचं, ते असोद्यात वाटायचं. राहिली त्वचा, ती गेली दोंडाईचाला. आणि पाकिटात एकच पत्रिका आहे म्हणजे ती देवाची. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते. आबांनी ती न उघडता, वरून हळद-कुंकू लावून, अक्षता टाकून देव्हाऱ्यात ठेवली.

चार दिवसांत फोन सुरू झाले.

असोद्याच्या भाऊबंदांना मामाकडची सगळी नावं मिळाली आणि स्वतःचं एकही नाही. शिवाय असोद्यात राहणाऱ्यांना असोद्याला कसं यायचं याचा नकाशा मिळाला. "आबा, नाक्यावरून डावीकडे वळायचं ना?" असं लोक त्यांना रस्त्यात थांबवून विचारू लागले. जळगावच्या एका साहेबांना पत्रिकेत व्याही म्हणून भरघोस मान मिळाला, तो त्यांनी खुशीनं स्वीकारला. दोंडाईचाच्या व्याह्यांना मात्र फक्त जेवणाची वेळ आणि गाडी लावायची जागा कळली. नवरदेवाच्या वडिलांनी फोन करून शांतपणे विचारलं, "आम्ही नुसतं जेवायला यायचं, की सोबत मुलगाही आणायचा?"

फैजपूरच्या मामानं तर येणारच नाही म्हणून सांगितलं. मामाविना मुलगी बोहल्यावर कशी जाणार? तापातून उठून नाना समजूत घालायला फैजपूरला गेले आणि त्यांनी मामाला शरीररचना समजावली. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे तुमचं हृदय मले भेटलं, आन् त्यात माझंच नाव नही!"

नाना तसेच उठून एसटीत बसले. परत आले तेव्हा खिशात कात्री नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "ठेवून देली." तेव्हा मला पहिल्यांदा नानांची काळजी वाटली.

त्याच दुपारी आबा छापखान्यात आले. मी मनात शिव्या खायची तयारी केली. पण आबांनी आवाज चढवला नाही. कोटाच्या खिशातून एक पत्रिका काढून डिंकाच्या थरावर ठेवली. तिच्यावर हळद-कुंकवाचे डाग होते.

"देवापुढची हाये," आबा म्हणाले. "बायकोनं काल उघडली. बरोबर पत्रिका कोन्ती ते पाहू म्हने. हिच्यात समदी नावं हायेत. भाऊबंद, मामा, व्याही. कोनी कमी नही." मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय हाये, वासू?"

ती ओळ मी न वाचताच ओळखली. सौ. सिंधू, धुळे.

सिंधू ही या दोघांची धाकटी बहीण. सत्तावीस वर्षांपूर्वी तिनं धुळ्याच्या एका एसटी मेकॅनिकशी आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. वडिलांनी, म्हणजे बापूंनी सांगितलं, या घराच्या पत्रिकेवर तिचं नाव येणार नाही. बापू गेले, पण त्यांचा शब्द आबांनी चालू ठेवला. हे सगळं मला त्या दुपारी कळलं, पंधरा वर्षं शेजारी राहून.

"कधीपासून छापतो?" आबांनी विचारलं.

"बापू गेले तवापासून," नाना म्हणाले. "नऊ लग्नं झाली. दोन वास्तू. एक बारसं. समद्यांत तिचं नाव लिहिलं. एक प्रत काढली, अन् मंग माझ्याच तोंडानं सांगतलं, ही ओळ काढ. ती एक प्रत तिले नेऊन देत होतो. यंदाची ही, तापानं राहिली. तिले वाटावं, घरात आपलं नाव हाये."

"अन् तुह्या त्या इंट्रॉनसारखी कापत होता."

"नही आबा!" नाना एवढ्या मोठ्यानं वर्गातही बोलले नसतील. "ती इंट्रॉन नव्हती. ती कामाची होती. आपल्या घरातला कामाचा तुकडा होता तो, अन् मी, ज्याले समदं समजते, मीच माझ्या हातानं दर वेळी कापत आलो. तुमच्या भीतीनं."

आबा खुर्चीत बसले. मी चहा सांगायला उठलो, तर आबांनी हातानं खाली बसवलं.

"बायको म्हनते, देवानं आठ दिवस वाचली, आता तुमी वाचा," आबा म्हणाले. "मी रोज सकाळी त्या पत्रिकेले हात जोडत होतो, वासू. आत काय हाये ते माहीत नसतांना." मग आबा माझ्याकडे वळले. "हीच छाप. समद्या गावांले हीच दे. कोनाले कापू नको."

ती पत्रिका खरंच पुस्तकाएवढी झाली. मामाचं नाव मोठ्या टाइपात घातलं, तेव्हा मामा विरघळला. व्याह्यांना मुलगा आणायची रीतसर विनंती गेली. जळगावचे साहेब तेवढे जरा खट्टू झाले.

धुळ्याला मीच दोघांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. आबा पत्रिका मांडीवर धरून बसले होते. पारोळ्याला चहा पिताना एवढंच म्हणाले, "तिले काय म्हनू?"

सिंधूअक्कांचं घर धुळ्याच्या देवपुरात. दार त्यांनीच उघडलं. नानांना बघून हसू आलं आणि मागे आबा दिसले तसं ते हसू तिथंच थांबलं. आबा उंबऱ्याबाहेर उभेच.

"आबा, उभा काबर शेतस? बठा ना," अक्का म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत धुळ्याची अहिराणी त्यांच्या जिभेवर मुरली होती. आबा बहिणीच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ऐकतच राहिले.

आत भिंतीला एक खिळा होता. त्यावर तारेत ओवलेली प्रूफं होती, माझ्याच छापखान्याची. कागद पिवळे पडले होते, पण एकाचीही कड फाटलेली नव्हती. आबांनी ती बघितली आणि नजर काढून घेतली. अक्कांचे यजमान खुर्च्या आणायला धावले. आबा बसले नाहीत. त्यांनी नवी पत्रिका काढली, अक्कांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बोलायला तोंड उघडलं. मग त्यांनी सरळ पत्रिका उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"श्री गणेश प्रसन्न." शाळेतल्या पोरानं उभं राहून धडा वाचावा तसं, एकेका शब्दावर थांबत. कुलदैवत वाचलं. मुहूर्त वाचला. भाऊबंदांची सगळी नावं, मामाची फौज, व्याही, त्यांचे मोबाइल नंबर आकड्या-आकड्यानं. आत्यांच्या यादीशी आले, वरचं नाव वाचलं, थांबले, आणि तेच नाव पुन्हा वाचलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. आबा पुढे वाचत राहिले. जेवणाची वेळ. गाडी कुठे लावायची. असोद्याला नाक्यावरून कसं वळायचं, ते त्या घरात जन्मलेल्या बाईला त्यांनी नीट समजावून सांगितलं. शेवटी ते पोरांच्या ओळीपाशी आले आणि त्या दराऱ्याच्या माणसानं तीही सोडली नाही.

"आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं," आबांनी वाचलं.

"येसू ना आबा," अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, लहानपणच्या बोलीत, "येईन. मले न्यायले कोन येईन?"

सगळं वाचून व्हायला पाव तास लागला असेल. शोकसभेत तीन मिनिटं न टिकणारे वासूनाना या पूर्ण वेळात भिंतीशी उभे होते. कात्री आज त्यांच्या खिशात परत आली होती. मी मुद्दाम बघत होतो. नानांचा हात एकदाही खिशाकडे गेला नाही.